माझ्या वर्तुळात हलगी वाजली

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही! बरं, हसा, पण चहा तेवढा सांडू नका.

लढाई नुकतीच संपली होती. रहिमतपूरच्या पलीकडं एका खेड्यात मी मास्तर होतो. ट्रेनिंग कॉलेजातनं ताजा ताजा बाहेर पडलेलो, अंगात उत्साह मावत नव्हता. बाकी अंगात काहीच नव्हतं म्हणा! सदरा खुंटीला टांगला काय नि मला घातला काय, सारखाच दिसायचा.

नोकरी कच्ची. शाळा तपासायला साताऱ्याहून दिपोटी साहेब येणार, त्यांना वर्ग पसंत पडला तर मी कायम, नाहीतर घरी. आणि कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं होणाऱ्या सासऱ्यांनी निक्षून सांगितलेलं. म्हणजे नोकरी गेली की बायकोही गेली, लग्नाआधीच!

आणि माझा सहावीचा वर्ग कसा? त्रिज्या विचारली की पोरं खाली बघायची, परीघ विचारला की खिडकीबाहेर बघायची. बोंबला!

ट्रेनिंगात सांगितलेलं, पोरांच्या हाताला काम द्या, डोक्यात आपोआप उतरतं. झालं! शाळेमागच्या पडीक रानात खुंटी ठोकली, तिला बैलाचा कासरा बांधला. एकानं खुंटी धरायची, दुसऱ्यानं कासरा ताणून राख सोडत गोल फिरायचं. काय टोलेजंग वर्तुळ उठलं म्हणता! पायाला ढेकळं टोचतात म्हणून आतली माती उकरून भुसभुशीत केली, दगडगोटे वेचून टाकले. हेही मीच करायला लावलं. नको तिथं हौस!

तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे गावचे पाटील, तरुणपणी कुस्तीत नाव काढलेला माणूस. त्यांनी वर्तुळाला एक फेरी मारली, आतली माती चिमटीत धरून बघितली.

"मास्तर, ह्ये तुमी आखलंसा?"

"हो. शुक्रवारी साहेब येणारेत. त्यांना दाखवायचंय."

"सायबाला! आन गावानं आल्यालं चालंल न्हवं?"

"चालेल म्हणजे? सगळ्या गावानं यावं! शेजारच्या गावांनीही यावं!"

तात्यांचे डोळेच भरून आले. "लढाईपास्नं ह्या गावात नुसतं रडगाणं चाललंय बगा. तुमी अंगानं काडी, पर काळीज लय मोठं हाय. आता बाकीचं आमच्यावर सोडा."

भूमितीनं पाटलाच्या डोळ्यांत पाणी आणलं, म्हणून मी खूश! 'बाकीचं' म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

शुक्रवारी दिपोटींना घेऊन शाळेमागं गेलो आणि बघतो तर काय, अगं आई गं! रान माणसांनी फुललेलं. झाडांवरसुद्धा माणसं. हलगी कडाडतेय. माझ्या वर्तुळात रातोरात तांबड्या मातीच्या गाड्या रित्या केलेल्या, वर ताक, तेल, हळद ओतलेली. पहिल्या रांगेत माझी सहावी मांडी ठोकून बसलेली. आणि ऐन मधोमध, माझी खुंटी होती तिथं, पलटणीतनं रजेवर आलेला दौलू पैलवान लंगोट लावून दंड थोपटत उभा!

दिपोटींनी छत्री जमिनीत रोवली. "मास्तर, हे काय चाललंय?"

"साहेब... भूमिती."

"ही?"

नोकरी गेली, बायको गेली! तिकडं दौलूला कुणी जोड मिळेना, म्हणून तो हात पुढं करून कडेकडेनं फिरत होता. त्या हातात जो हात देईल त्यानं कुस्ती धरायची, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला मात्र नाही! मी कारकुनाचा पोर, जन्मात कधी कुस्तीचा फड बघितलेला नाही. "थांबा, थांबा, बंद करा!" म्हणत मी धावत आत शिरलो आणि काकुळतीनं त्याचा हात धरला.

हलगी एकदम थांबली. मग दुप्पट जोरात कडाडली.

"जोड लागलीऽऽ!" तात्या ओरडले.

"अहो, तसं नव्हे..."

"टोपी काडून ठिवा मास्तर, मळंल," दौलू म्हणाला. माणूस मोठा सभ्य.

मग मला आळीपाळीनं आभाळ नि माती, आभाळ नि माती एवढंच दिसलं. कडेला धरून त्यानं मला जे फरफटलं, ते बरोबर मधनं थेट समोरच्या कडेपर्यंत. मग उचललं आणि मधोमध आणून आदळलं. चीतपट!

दिपोटी छत्री सावरत कडेशी आले. मी डोळे मिटून घेतले. पण साहेब बोलले ते पोरांशी.

"वर्तुळाचं केंद्र कुठं आहे रे?"

"गुर्जी पडल्यात तितं!" अख्खी सहावी एका सुरात.

"आणि व्यास?"

"गुर्जीस्नी फरफटलं ती रेघ! ह्या कडंपास्नं मधनं त्या कडंला!"

"त्रिज्या?"

"त्याच्या निम्मी, सायब! गुर्जी 'मेलो' म्हणून वराडलं तितपत्तुर!"

साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वा! इतकी पक्की भूमिती मी कुठल्याच शाळेत बघितली नाही."

मी पडल्या पडल्याच विचारलं, "साहेब, म्हणजे मी कायम?"

"कायम, मास्तर, कायम! फक्त भूमिती तेवढी ह्या पैलवानाकडं सोपवा."