सोमवारचा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वदच्या दशकात कोल्हापूरजवळच्या आमच्या केंद्रात आकाशात रेडिओलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी कागदावर टिपले जायचे. संध्याकाळी कागद फाडून तारीख टाकणं माझं काम. एका सोमवारी मी फुटबॉलला गेलो. त्या दिवसाचा कागद मंगळवारी सकाळी फाडला आणि सवयीनं मंगळवारचीच तारीख टाकली. त्याच कागदावर आमच्या संशोधक बाईंना पृथ्वीच्या चुंबकावरणातून परतलेला क्षीण प्रतिध्वनी सापडला. आमचे केंद्रप्रमुख सर तारीख बघून हसले, "बाई, ही शिरोलीच्या फौंड्र्यांची खरखर हाय की!" लोखंड ओतायच्या त्या फौंड्र्या सोमवारी बंद असतात, म्हणजे खरखर त्यांची असूच शकत नव्हती. एवढंच बोलायचं होतं, पण मग माझी दांडी उघडी पडली असती. बाईंनी प्रबंधातून ते प्रकरणच काढलं. अजून स्वतःवर चिडतो. तो कागद सोमवारचा होता, हे त्यांना सांगायचं राहिलंय.