व्याह्यांच्या गाडीतले स्पीकर

मीटरमामांना पाहायचं तर सकाळी पाहावं. वळणावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कुणाच्यातरी गाडीच्या उघड्या दारापाशी पाय मुडपून बसलेले असतात. दाराचं पॅनल तान्ह्या लेकरासारखं मांडीवर आडवं, ओठांत दोन स्क्रू, आणि शर्टाच्या खिशात विजेची मापं घेणारा पिवळा मीटर. तो मीटर कामाखेरीज फक्त आंघोळीच्या वेळी खिशातून निघतो. मामी म्हणतात, आंघोळीचंही खात्रीनं सांगता येत नाही.

नवे स्पीकर घेऊन येणारं गिऱ्हाईक नेहमी घाईत असतं. मामांना घाई ठाऊक नाही. ते आधी कंपनीचा जुना स्पीकर दारातून काढणार, त्याच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावणार, आकडा पाहणार. मग नव्याला लावणार, पुन्हा पाहणार. आकडे जुळले तर मान हलवणार. नाही जुळले तर नवे स्पीकर डब्यात घालून, झाकण नीट दुमडून, डबा गिऱ्हाइकाच्या हातात परत देणार. डब्यावर लिहिलंय की, असं कोणी म्हणालं तर मामा विचारतात, डब्यावर माझा फोटो छापला तर मला गाता येईल का?

असा हा माणूस आयुष्यात एकदाच मोजायला चुकला, तेही लेकीच्या सासऱ्यांच्या गाडीत.

लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासरे शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून शाळेचाच. त्यांनी एक जुनी पण जपलेली गाडी घेतली. विहीणबाईंना जरा कमी ऐकू येतं. गाडीतल्या सेटचा आवाज त्यांना मडक्यात कोंडलेल्या डासासारखा वाटे. रविवारी त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं, चार तासांची वाट. एवढी वाट हिनं आपली गाणी ऐकत जावं, असं सासऱ्यांच्या मनानं घेतलं होतं. तेव्हा जेवताना लेक सर्वांसमोर म्हणाली, "दुकानात कशाला? आमच्या बाबांनी जोडलेलं काम कधी परत येत नाही." सासऱ्यांनी मान डोलावली. त्या घरात तिचा शब्द पहिल्यांदाच चालला होता.

व्याही आले ते स्वतःच चार स्पीकर घेऊन. दुकानदार ओळखीचा आहे, मोठ्या आवाजाचे मागितले, पारखून आणलेत, असं त्यांनी शेडमध्ये बसता बसताच सांगितलं. मामांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. व्याह्यांनी पारखून आणलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत मोजायची? म्हणजे पाहुण्यानं आणलेली मिठाई त्याच्यासमोर तराजूत टाकण्यासारखंच. मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मीटर बिघडलाय का?" मामा म्हणाले, "चहात साखर कमी आहे."

स्पीकर बसले. सेट लावला तसे शेडचे पत्रे थरथरले. व्याही खूश होऊन गेले.

रविवारी अर्ध्या वाटेआधीच सेट मुका झाला. गाडी थांबवून निवू दिला की गायला लागे, दहा मिनिटांनी पुन्हा मुका. चार तासांत आपण जेमतेम तासभर गाणी ऐकली आणि उरलेला वेळ ह्यांना, असं विहीणबाईंनी बहिणीच्या दारात उतरतानाच जाहीर केलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं तक्रार केली नाही.

"बाबा, मोजले होते ना?"

मामांनी खिशातला मीटर काढून मांडीवर ठेवला.

"मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय हो."

मामींनी सुचवलं, खोट स्पीकरमध्ये होती म्हणा, कुणाला काय कळतंय. दोन दिवसांनी मंडळी परतल्याचं कळलं तसं मामांनी शेड बंद केली आणि बस धरली. अंगणात पोचल्यावर पाणीही न घेता दाराचं पॅनल उघडलं, व्याह्यांना जवळ बोलावलं आणि सुया लावल्या. आकडा दोनच्याही खाली.

"व्याही, कंपनीचा सेट चार ओहमच्या स्पीकरसाठी बनवलाय. हे दोनचे आहेत. ओहम कमी म्हणजे अडवणूक कमी. सेट भरमसाट करंट सोडतो, आवाज मोठा येतो, मग तापला की स्वतःचा जीव वाचवायला गप्प बसतो. स्पीकरमध्ये काही खोट नाही. मी मोजले नाहीत."

"का नाही मोजले?"

"तुम्ही पारखून आणले होते."

व्याही खालच्या आवाजात, जो त्यांच्याकडे आहे हे घरातही कुणाला माहीत नव्हतं, म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? डब्याचा रंग आवडला."

मामांनी प्रत्येक बाजूचा पुढचा आणि मागचा स्पीकर एकाच तारेवर एकामागून एक जोडला, म्हणजे दोन आणि दोन चार. सेटमधून निघणाऱ्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन टेप गुंडाळून रिकाम्या ठेवल्या. आवाज पहिल्या दिवसाइतका मोठा येणार नाही, हेही आधीच सांगून टाकलं. मग मीटर लावला. साडेतीन. डब्यावर लिहिलेल्यापेक्षा स्पीकर मीटरवर थोडा कमीच भरतो, ठीक आहे, म्हणाले. तो आकडा त्यांनी व्याह्यांना दाखवला, लेकीला दाखवला, कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यालाही दाखवला.

विहीणबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. एक तास गेला, दीड तास गेला. मामा मधूनमधून सेटवर हात ठेवून पाहत, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. सेट कोमट होता आणि गात होता.

"येतंय ऐकू," विहीणबाई म्हणाल्या. "हे मध्ये बोलले तरी येतंय."

लेक चहा घेऊन आली. बापाच्या हातात कप देताना म्हणाली, "साखर मोजून घातलीय." मामींनी सगळं कळवलं होतं तर. मामांनी मान खाली घालून चहा प्यायला.

व्याह्यांनी मात्र आपला कप बाजूला ठेवला आणि पुन्हा शाळेच्या आवाजात, कुंपणापलीकडेही जाईल असं, म्हणाले, "सूनबाई, तू म्हणालीस ते खरं. तुझ्या बाबांचं काम परत येत नाही. त्याआधी बाबाच येतात."