सुक्या बंदरात भाऊजींचा आवाज

मी बंदरावर नोकरी करतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच खारा वारा सुटतो. तुमच्याही सुटला असेल. लाटा, मासळीचा वास, लांबवर उभी असलेली जहाजं आणि कठड्याला टेकून काहीतरी खोल विचार करणारा मी. राहू द्या. आमच्या बंदरावर पाणी फक्त प्यायचं, तेसुद्धा टँकर आला तर.

आमचं बंदर इंदूरजवळ पीथमपूरला आहे. इथून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. आजूबाजूच्या कारखान्यांतून औषधं, गाड्यांचे सुटे भाग, असा माल येतो, कंटेनरमध्ये भरला जातो, सील लागतं, कंटेनर एकावर एक रचले जातात आणि मग मालगाडीने खऱ्या बंदराकडे निघतात. म्हणून याला सुकं बंदर म्हणतात. समुद्राच्या नावाने कुंपणापलीकडे एक तळं आहे, त्यात म्हशी डुंबतात. आम्ही त्याला चौपाटी म्हणतो आणि टिफिन तिथेच उघडतो. विमानं मात्र खरी. इंदूरला उतरणारी विमानं कधी कधी इतकी खालून जातात की बोलणं मधेच थांबवून वर बघावं लागतं.

तिथे सगळंच कुठेतरी निघालेलं असतं. कंटेनर निघालेले, ट्रक निघालेले, विमानं निघालेली. मीच तेवढा गेटवर उभा राहून सीलचे नंबर बघायचो. पाय वळवळायचे. पाय चालवता येत नाहीत म्हटल्यावर मी तोंड चालवायचो.

तोंड माझं शाळेपासूनच चालतं. देवासला हिंदी शाळेत शिकलो, मराठी वाचताना आजही अडखळतो, पण कुणाचाही आवाज एकदा ऐकला की दुसऱ्यांदा तो माझ्या गळ्यातून येतो. सकाळच्या शिफ्ट बसमध्ये मी पायलट व्हायचो. "यात्रीगण ध्यान दें, अब हम देवास से उड़ान भर रहे हैं. कुर्सी की पेटी है नहीं, आगेवाले का कॉलर पकड़ लें." मग एचआरवाल्या मॅडम, मग कँटीनवाला, आणि शेवटी फर्माईश यायची ती भाऊजींची.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांनीच मला तिथे चिकटवलं. ते यार्डचे इनचार्ज होते, पण कच्चे. पक्कं करायचं की नाही हे हेड ऑफिसचे साहेब येऊन ठरवणार होते. ताईने त्या भरवशावर यार्डापासून जवळ, महूच्या बाजूला घर बघून ठेवलं होतं, म्हणजे भाऊजींचा रोजचा बसप्रवास वाचेल आणि पोरगी त्यांना जागेपणी बघू शकेल.

भाऊजींचा आवाज हीच त्यांची नोकरी. कंटेनर उचलणारं मशीन अवाढव्य असतं, ड्रायव्हर वर बसतो आणि उचललेला कंटेनर त्याच्याच डोळ्यांसमोर आडवा येतो. खालच्या माणसाला रांगांपलीकडचं दिसत नाही. सगळ्यांच्या हातात वॉकीटॉकी, आपण नुसतं 'सेट' म्हणू, आणि त्या सेटवरून भाऊजी बोलणार. मशीन कधी आत, कधी बाहेर, माणूस कधी आत. सगळं भाऊजींच्या तोंडून, मालवी खाक्यात, प्रत्येक वाक्याला भिया, म्हणजे भाऊ, लावून.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी देवासला गणपतीच्या आरत्या होत्या. आमच्या मराठी घरांत तेव्हा एक न बोललेली स्पर्धा असते. या घरून त्या घरी जायचं आणि प्रत्येक घरी आधीच्या घरापेक्षा वरच्या पट्टीत म्हणायचं. मंत्रपुष्पांजली भाऊजींकडेच असते आणि ते ती अशी म्हणतात की समोरच्या गल्लीतले हिंदीभाषक पण हात जोडून उभे राहतात. त्या दिवशी घरं जास्त निघाली. सकाळी भाऊजींनी ताईकडे चहा मागितला तर नुसती हवा आली.

ताईने हळदीचं दूध पाजलं, ज्येष्ठमध चघळायला दिला. काही उपयोग नाही. रजा टाका म्हणाली तर भाऊजींनी मान हलवली, आजच कशी टाकू. मग बसमध्ये मीच सुचवलं की तुम्ही कानात सांगा, मी सेटवर बोलतो, तुमच्या आवाजात. राऊचा थांबा गेल्यावर ते कुजबुजले, "मी सांगेन तेवढंच. एक शब्द जास्त नाही."

आणि चाललं की. यार्डच्या कोपऱ्यात उंचावर काचेची केबिन आहे. भाऊजी माझ्या खांद्याशी उभे, ते फुसफुसायचे आणि मी गर्जायचो. गेटवर माझ्या जागी दुसरा पोरगा होता. मशीनचा ड्रायव्हर फसला, खालची माणसं फसली. भाऊजीसुद्धा एकदा दचकले. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याने लोखंड हलतंय.

मग साहेबांनी भाऊजींना ऑफिसात चहाला बोलावलं. मशीन अजून रांगेत आत होतं, शेवटचा कंटेनर ठेवायचा होता. भाऊजींनी जाताना तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे ही रांग होईपर्यंत चूप. मी पण मान हलवली.

पण शांतता मला सहन होत नाही. सेट खरखरला, ड्रायव्हर म्हणाला की भिया, केबिनमध्ये भट्टी झालीये. उत्तर नाही दिलं तर त्याला शंका येईल, असं मी स्वतःला समजावलं. भाऊजींच्या आवाजात म्हणालो, चौपाटीवर म्हशी शेजारी जागा देतायत, जाऊन बस. सेटवर हसायचे आवाज आले. हसायचे आवाज आले की माझं काय होतं ते बसमधल्यांना विचारा. मी अजून दोन वाक्यं टाकली आणि नक्कल संपवताना रोज ज्या वाक्याने संपवतो त्यानेच संपवली. "चलो भिया, आ जाओ."

बसमध्ये हे वाक्य म्हणजे टाळ्या. यार्डात या वाक्याचा अर्थ असा की मशीन थांबलंय, आता खालच्या माणसाने रांगेत जाऊन सील तपासावं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या तोंडाला माहीत नव्हतं.

खाली कुक्षी गावचे मामा होते. यार्डातले सगळ्यात जुने, सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते निघाले. मशीन रिव्हर्समध्ये मागे येत होतं. वरून मला त्यांचं नारंगी हेल्मेट रांगेत शिरताना दिसलं आणि माझ्या गळ्यातून कुणाचाच आवाज निघेना. ड्रायव्हरला ते आरशात दिसलं म्हणून निभावलं. त्याने ब्रेक मारला, वरचा कंटेनर झोकांडला आणि शेजारच्या थप्पीवर आदळला. तळ्यावरचे बगळे उडाले. मामा बाजूला पडले, नडगी सोलली, बाकी शाबूत.

मी धावत खाली गेलो तोवर भाऊजी आणि साहेब पोचले होते. ऑफिसातही एक सेट असतो, हे मी विसरलो होतो. साहेबांसमोर भाऊजी गपचूप चहा पीत होते आणि कपाटावरून त्यांचाच आवाज म्हशींबद्दल बोलत होता. साहेबांना वेगळं काही विचारायची गरज पडली नाही. मामा जमिनीवर बसूनच भाऊजींना म्हणाले, "तमने बुलाया भिया, तो मैं आ गया." रागाने नाही. नुसतंच सांगितलं.

साहेब मला काढायला निघाले होते. भाऊजींनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "सेट माझा होता, मीच याच्या हातात दिला." त्यामुळे मी गेटवर राहिलो आणि भाऊजी कच्चेच राहिले, पुढच्या वेळी साहेब येतील तोवर.

घरी ताई पोळ्या लाटत होती, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. भाऊजींनी मला समोर बसवलं आणि रागवायला सुरुवात केली. पण आवाज कुठे होता. आतून ताई म्हणाली, जरा मोठ्याने, मलाही ऐकू दे काय झालं ते. भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. तूच सांग.

मग ते कुजबुजायचे आणि मी मोठ्याने म्हणायचो. गाढव आहे म्हणतायत. बरं, पुढे, ताई म्हणाली. महूचं घर गेलं म्हणतायत. लाटणं थांबलं. भाऊजी पुन्हा माझ्या कानाशी वाकले आणि या वेळी सवयीने मी त्यांच्याच आवाजात बोलून गेलो, "मामा वर बघत पण नाहीत. माझा आवाज आला की आत जातात. तो आवाज तू हसवायला वापरलास."

ताई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मामांना फोन केलास?"

मी नाही म्हणालो.

"आणि इथे जेवायला बसलायस? ऊठ. आत्ताच्या आत्ता लाव फोन, माझ्यासमोर. आणि तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज काढलास ना, तर या घरात पाय ठेवू नकोस."