सात घरांचं गाऱ्हाणं

मी आवाज काढतो. हळदीला माईक माझ्या हातात, क्रिकेटच्या टुर्नामेंटला कॉमेंट्री माझी. एसटीचा कंडक्टर, जामसंड्याच्या हायस्कुलातले हेडसर, लिलावात पापलेटावरून भांडणारी बाई, सगळे माझ्या घशात भाड्याने राहतात. पण पहिला भाडेकरू म्हणजे आमच्या जेटीवर गाऱ्हाणं घालणारा म्हातारा.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने घातलेली हाक. एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय महाराजा' म्हणायचं. नारळी पौर्णिमेला हा म्हातारा जेटीवरच्या काळ्या दगडासमोर उभा राहायचा. पुढचे दात नव्हते, त्यामुळे 'महाराजा'तला 'जा' शिट्टीसारखा निघायचा. मी आठवीत असताना तो आवाज वर्गात काढला आणि पोरं बाकाखाली लोळली.

त्या दगडावर सात खाचा होत्या. एका वादळात आमच्या वाडीचे सात जण परत आले नाहीत, त्यांच्या. अक्षर एकही नव्हतं. कारण आमच्याकडे दर्यात गेलेल्याचं नाव किनाऱ्यावर घेत नाहीत. घर सांगतात, आणि गाऱ्हाण्यातही म्हातारा ती सात घरंच क्रमाने घ्यायचा. 'वडाकडल्या घराचो थोरलो', 'विहिरीकडल्या घराचो जावई' असं. सहावी खाच आमच्या आईच्या माहेरची, 'माडाच्या बेड्याकडल्या घराचो धाकटो'; बेडा म्हणजे कुंपणातली ये-जा करायची वाट. तो माझा मामा. मी त्याला बघितला नाही. त्याचं काहीच सापडलं नाही, त्यामुळे आईला पणती लावायला तो दगड सोडून दुसरी जागा नव्हती.

म्हाताऱ्याने एकदा मला नक्कल करताना पकडलं. मला वाटलं, काठी बसणार. तो म्हणाला, "मेल्या, चौथ्या घराक कित्याक थांबतंस? दम थंय घेवचो नाय. पाचव्यानंतर घे." आणि पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून सात घरं मला पाठ. टिंगल करायला शिकलो होतो, दुसरं काही नाही. म्हातारा गेला त्यानंतर वाडीत ती यादी क्रमाने म्हणणारा मी एकटाच उरलो, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मग साहेबांच्या वडिलांचा पुतळा आला.

साहेब म्हणजे आमचे साहेब. ते निवडून येतात, पण ती नुसती पद्धत. जेटी त्यांची, टुर्नामेंट त्यांची, होड्यांची परमिटं त्यांच्या माणसाच्या खिशात. एकाने त्यांच्याविरुद्ध अर्ज केला होता. चार दिवसांनी त्याची होडी बुडाला भोक पडून चिखलात बसलेली दिसली. कुणी पाडलं? कुणीच नाही. आमच्याकडे भोकं आपोआप पडतात. आणि ते पडलं होतं हेसुद्धा आता कुणाला आठवत नाही. विचारून बघा.

पुतळ्याची जागा मोजायला एक कारकून आला. दगडाभोवती फिरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "यावर काही लिहिलेलं दिसत नाही."

"नाव लिवत नाय साहेब, घर सांगतत," आई म्हणाली.

"मग नोंद कशाची करू? घराची?" त्याने कागदावर 'एक मोठा दगड' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात जेसीबीने तो उचलला आणि चौथऱ्याच्या भरावात टाकला. आईने बघितलं. खाचा खालच्या बाजूला गेल्या, एवढंच ती घरी येऊन बोलली.

ग्रामसभेत कुणीतरी विषय काढला. साहेबांचा माणूस उभा राहिला. हा नेहमी पांढऱ्या शर्टात, आणि नेहमी हसतमुख. म्हणाला, "थंय काय होता? दगड होतो. किनाऱ्यार दगड आसतले नाय तर काय काजीची झाडां आसतली?" सगळे हसले. मीही हसलो, जोक बरा होता. मग तो म्हणाला, "म्हंजे तसा काय नव्हता. बरोबर मा?" कुणी 'नाही' म्हटलं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, जागा मोकळी होती. मी सहीसुद्धा केली.

अनावरणाच्या आधी हा पांढरा शर्ट आमच्या दारात आला. मोटरसायकल बंद न करताच म्हणाला, "साहेबांका गाराणा होया. म्हाताऱ्याच्या आवाजात. तुका जमता म्हणतत."

"तां आपला मस्करीत, दादा."

"मस्करीतला पण बघितलंव." त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. एका हळदीत मी साहेबांचा आवाज काढला होता. मान वाकडी, रुमालाने ओठ पुसणं, सगळं. पन्नास माणसं होती, सगळी ओळखीची. "साहेबांनी पण बघितल्यानी. हसले."

"हसले?" मी विचारलं. "खूप?"

"दोनदा बघितल्यानी," तो म्हणाला आणि एक घडी घातलेला कागद माझ्या खिशात कोंबला. कागदावर छापील गाऱ्हाणं होतं. साहेबांच्या वडिलांनी हा किनारा घडवला, त्यांच्या आशीर्वादाने वाडीत कधी कुणाचं वाईट झालं नाही. कधी कुणाचं नाही. ती ओळ मी तीनदा वाचली.

आमचा बापूस पर्यटकांची होडी चालवतो. तो म्हणाला, "वाच. पाच मिनिटांचा काम." मी आईकडे बघितलं. ती बांगडे साफ करत होती. कल्ले ओढून काढत म्हणाली, "तुझ्या मामाची जागा गेली. आता निदान माझो झील तरी ऱ्हवांदे. कागद वाच आणि घराक ये."

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, म्हणेल सात घरं घे. मग मला 'नाही, भीती वाटते' म्हणता आलं असतं. तिनेच घाबरून मला मोकळं केल्यावर मी काय म्हणणार? त्या दिवसांत मी कुठलाच आवाज काढला नाही. चहाच्या टपरीवर पोरं म्हणाली, "काय रे, बॅटरी डाऊन?" मी स्वतःच्या आवाजात 'हो' म्हटलं, तर तो आवाज कुणी ओळखेना.

अनावरण सकाळी होतं. फ्लेक्स, लेझीम, ऊन. पुतळा भगव्या कापडात गुंडाळलेला, वाऱ्याने कापड पोटाशी फुगायचं. साहेब खुर्चीत. मी स्टेजवर, हातात कागद, मागे पांढरा शर्ट इतका जवळ की त्याचं सेंट नाकात जात होतं. खाली वाडी. आई बायकांत तिसऱ्या रांगेत. बापाची होडी जेटीला बांधलेली, आणि तिच्या दोरीशी साहेबांचे दोघे जण सहज उभे राहावेत तसे उभे.

म्हाताऱ्याचा आवाज लावला. "बा देवा महाराजाऽऽ..." शिट्टी निघाली. लोक आधी हसले, मग सवयीने ओरडले, "व्हय महाराजा!"

"आज ह्या जाग्यार तुझी लेकरां गोळा झाली, तेंका संबाळ रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

इथून पुढे कागद सुरू होत होता. मला धाडस करायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी घाबरलो होतो इतका की कागदावरची अक्षरं पोहायला लागली. आणि घाबरलेला माणूस जे पाठ असतं तेच बोलतो. म्हाताऱ्याच्या आवाजाला तिथून पुढची एकच वाट माहीत होती.

"वडाकडल्या घराचो थोरलो," माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

लेझीमवाल्या पोरी थांबल्या. मग मासळीवाल्या बायकांमधून एकीने हळूच म्हटलं, "व्हय महाराजा."

"विहिरीकडल्या घराचो जावई." "व्हय महाराजा." तिसऱ्या घराला आवाज वाढला. चौथ्या घराला माझ्या पाठीवर एक हात पडला, दोस्ताने ठेवावा तसा, आणि माईक बंद झाला. पाचवं घर मी माईकशिवाय घेतलं, ते पहिल्या रांगेपलीकडे गेलं नसावं. पांढरा शर्ट हसतच कानात म्हणाला, "कागद वाच रे बाळा. बापाशीची होडी बरी आसा मा?"

दम पाचव्यानंतर घ्यायचा. मी घेतला. आणि सहावं घर घेतलं नाही. माझ्या सख्ख्या मामाचं. मी कागद उघडला, माईक पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात खालून आवाज आला, "माडाच्या बेड्याकडल्या घराचो धाकटो!" आईचा. बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही आमच्याकडे, घातलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. लोकांनी उत्तर दिलं की नाही मला कळलं नाही, कारण सगळे मोबाइल एकदम तिच्याकडे वळलेले दिसले. बाजूच्या बायका तिच्यापासून थोड्या सरकल्या. दोघी नाही सरकल्या. साहेब रुमालाने ओठ पुसत तिच्याकडे बघत होते, आणि हसत नव्हते. मी घाईघाईने पूर्ण कागद वाचला. कधी कुणाचं वाईट झालं नाही ही ओळसुद्धा. त्यावरही लोक 'व्हय महाराजा' म्हणाले.

त्या संध्याकाळी बापाने होडी खाडीत नेऊन बांधली आणि तिथेच बसून राहिला. पांढऱ्या शर्टाचा फोन आला, "उद्या अकराक साहेबांकडे ये. आवशीक पण हाड." आईलाही घेऊन यायचं, जास्त काही नाही.

सकाळी नऊ वाजता आमच्या अंगणात कुर्साकडल्या घरची म्हातारी उभी. ती रविवारी चर्चला जाते, पण नारळी पौर्णिमेला तीही जेटीवर यायची, कारण सातवी खाच तिच्या घराची, तिच्या नवऱ्याची. ती काठी टेकत इतकं चालून आली होती. मला वाटलं, आईला भेटायला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काल सगळ्यांचा झाला. आमचा ऱ्हवला."

"आजी, उद्या घेतंय," मी म्हणालो.

"उद्या तू खंय आसशीत?"

आई दारात आली. मी आवाज अगदी खाली आणून पुटपुटलो, "कुर्साकडल्या घराचो घरधनी."

"मोठ्यान बोल रे झिला. माका कमी ऐकाक येता."

मी रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. तरी आधी जाऊन गेट लावून घेतलं, आणि मग बोललो.