दोघींच्या नावाची खोली

मोहोपाड्याच्या कॉलनीत द्वारकाबाई आणि जना शेजारी राहायच्या. द्वारकाबाई कॉलनीच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. जना खालापूरकडच्या शेतकरी घरातली. तिचा नवरा कारखान्यात होता. तो गेल्यावर ती मुलगा आणि सून श्रद्धा यांच्याजवळ तिथेच राहिली.

एकदा दोघी बसच्या टूरने दक्षिणेकडे गेल्या होत्या. जनाचे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. गाईड झेंडी घेऊन पुढे पळायचा आणि जना प्रत्येक ठिकाणी बसमध्येच बसून राहायची. परत आल्यावर ती म्हणाली, "बाई, आता कुटं जायचं तर एकाच गावात जायचं. एक खोली घ्यायची आन रोज तितल्या बाकावर जाऊन बसायचं. पळायचं नाय."

"कुठल्या गावात?"

"लांबच्या. इमानानं जायचं एवड्या लांब. सगल्यांची पोरं जाऊन आली, आपुन काय पाप केलंय?"

द्वारकाबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी व्हिएन्ना निवडलं, कारण ते शहर बरंचसं सपाट, जागोजागी ट्राम आणि बागाच बागा. मग खोलीचा शोध सुरू झाला. परवडणारी हॉटेलं विमानतळाजवळ, गावाबाहेर. शहरातल्या स्वस्त खोल्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे असं लिहिलेलं असायचं, पण विचारल्यावर कळायचं की लिफ्टपर्यंत पोचायला आधी अर्धा जिना चढायचा. तरुणांच्या वसतिगृहात एकावर एक पलंग. जना रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "गावली का खोली?" आणि द्वारकाबाई म्हणायच्या, "खोली आहे गं, पण न्हाणीघरात उंबरा आहे. तुझा पाय उचलणार नाही."

शेवटी सापडली ती सिस्टर लोकांच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या, जुन्या घरातली खोली. त्या घराचे काही मजले पाहुण्यांना देत. रस्त्यावरून सरळ लिफ्टमध्ये, न्हाणीला उंबरा नाही, ट्राम दारात, आणि मजल्यावर चहा-भात करायला स्वयंपाकघर. द्वारकाबाईंनी जनाच्या गुडघ्यांबद्दल सगळं लिहून विचारलं, तिथल्या सिस्टर अगाथा यांनी सगळ्याची उत्तरं दिली. खोली दोघींच्या नावाने नक्की झाली.

व्हिसासाठी दोघी मुंबईला गेल्या. तिथल्या लिफ्टचं दार उघडल्यावर जनाने चपला काढून हातात घेतल्या. आत फरशी चकचकीत होती ना. लोक हसले. द्वारकाबाईंनी तिचा दंड धरला.

व्हिसा आला आणि पुढच्याच आठवड्यात जना गेली. दुपारी कपडे वाळत घालताना बसली, ती उठलीच नाही.

द्वारकाबाईंनी जायचं रद्द करायला घेतलं होतं. श्रद्धाच येऊन म्हणाली, "मावशी, तुमी जा. आत्या रोज तेच बोलायच्या. तुमी पन नाय गेलात तर कोन जानार?"

खोलीच्या लोकांना मात्र कळवायला हवं होतं. त्या दोनदा लिहायला बसल्या. 'माझी मैत्रीण' इथवर लिहून व्हायचं, पुढचा शब्द बोटांतून उतरायचा नाही. तशाच निघाल्या.

सिस्टर अगाथा फार म्हाताऱ्या होत्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी खोली उघडून दाखवली. दोन पलंग, दोन टॉवेल. "तुमची मैत्रीण कुठे आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

द्वारकाबाई म्हणाल्या, "मागून येतेय. सावकाश चालते."

तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर दोन कप मांडलेले होते. सिस्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "झोपलीय. प्रवासानं दमली." त्यानंतर रोज एक काहीतरी सांगावं लागलं. आज गुडघा दुखतोय. आज तिला भूक नाही. आणि सांगताना त्यांना बरं वाटायचं, हेच त्यांना भिववणारं होतं. खोलीत परतल्या की दुसऱ्या पलंगाची चादर त्या हाताने सारखी करायच्या. ती तशीही सारखीच असायची.

मग एका सकाळी द्वारकाबाईंनी नेहमीसारखं सांगितलं, "ती वर आहे."

"नाही, नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती बाहेर गेली. मीच तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. आत शिरताना ती पायातलं काढून हातात घेते. मी म्हटलं, इथे त्याची गरज नाही. ती नुसती हसली."

द्वारकाबाईंच्या हातातला पाव तसाच राहिला. गुडघ्यांचं त्यांनी लिहिलं होतं. चपलांचं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

त्या उठून समोरच्या बागेत गेल्या. लख्ख ऊन होतं. बाकांवर म्हातारी माणसं बसली होती, एक बाई कबुतरांना हाकलत होती. झाडाखालचा एक बाक रिकामा होता. द्वारकाबाई त्याच्या एका कडेला बसल्या, उरलेली जागा सोडून. भीती वाटत होती. तरी त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत. शेजारी कुणी बसायला आलं की त्या मान हलवून नको म्हणायच्या.

पुढचे दिवस त्यांनी शहर पाहिलंच नाही. सकाळी बाक, दुपारी खोली. लिफ्टचा आवाज आला की दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. कुणी आलं नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी सिस्टरांना खरं सांगितलं.  सिस्टर चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "माझे डोळे आता चांगले नाहीत."

द्वारकाबाईंना वाटलं, हे त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी श्रद्धाला सगळं सांगितलं. श्रद्धा पदर तोंडाशी धरून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "हसली म्हनाल्या का त्या? खरंच हसली?"

"तसं म्हणाल्या."

श्रद्धा उठून गेली. दुसऱ्या दिवशी शेजारून मोठ्याने रेडिओ लावल्याचा आवाज आला, घरात शांतता नको असावी तसा तो दिवसभर चालूच होता.

आता खालापूर-कर्जतची निवृत्त माणसं परदेशी जायचं म्हटलं की द्वारकाबाईंकडे येतात. त्या नेटाने खोल्या शोधून देतात. लिफ्ट, उंबरा, ट्राम, सगळं विचारून घेतात. कॉलनीतल्या नाना आणि त्यांच्या बायकोला व्हिएन्नालाच जायचं होतं, तेव्हा बाईंनी नदीपलीकडची दुसरी जागा पाहून दिली. "तुम्ही राहिलात तिथे का नको?" नानांनी विचारलं.

"तिथे जागा नसते," बाई म्हणाल्या.

यंदा होळीनंतर त्यांनी सिस्टर अगाथांना लिहून विचारलं, खोली मिळेल का. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. खोली मोकळी आहे. दोघींसाठी ठेवू ना?

द्वारकाबाईंनी अजून काही कळवलेलं नाही.