बॉयलरात बांबू घालायचा नाही

आम्ही नेमकं बनवतो काय, हे लोकांना सांगण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं. मी म्हणायचे, बांबूच्या फळ्या. समोरचा म्हणायचा, बांबू तर आतून पोकळ, त्याची फळी कशी होईल? मग मी सुरू. बांबू चिरायचा, त्याच्या पट्ट्या काढायच्या, औषधाच्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, सरस लावून एकमेकींना चिकटवायच्या आणि गरम प्रेसमध्ये दाबायच्या. झाली फळी, लाकडासारखी. तो मान डोलवत सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "मंग लाकूडच काहून नाही घेत?" याचं उत्तर आमच्याकडे होतं, रंगीत कागदावर छापलेलंसुद्धा होतं. पण साकोलीच्या बसस्टँडवर उभ्याउभ्या ते काही केल्या तोंडातून निघायचं नाही. मलाच वाटायचं, खरंच, काहून नाही घेत?

हापिसांत वेगळाच घोळ. एका टेबलावर बांबू हे गवत होतं, शेजारच्या टेबलावर झाड. गवत असेल तर एक परवानगी, झाड असेल तर दुसरी, आणि दोन्ही टेबलांचं म्हणणं, आधी त्यांचं ठरू द्या. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन एवढी वर्षं झाली होती, तरी एका बाबूने आम्हाला गोंदियाला पिटाळलं. जुनं कपाट तिकडे गेलंय म्हणे. तिकडच्या बाबूने तितक्याच प्रेमाने आम्हाला भंडाऱ्याला परत पाठवलं. येताना एसटीत मी नवऱ्याला म्हटलं, बांबूचं राहू दे, आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो तेवढं तरी पक्कं विचारून घे. तो हसला नाही. तेव्हा तो कशालाच हसत नव्हता.

खूळ त्याचंच होतं. मी भंडाऱ्याच्या विणकराघरची. माहेरी कोशाच्या रेशमाचे माग. सुताचं मला कळतं, कोणता धागा तुटणार ते हात लावून सांगेन. बांबूचं मला काय कळणार, डोंबल? सासर साकोलीजवळच्या खेड्यात, घरची धानाची शेती. नवरा नागपूरला मशीनचं कसलंसं प्रदर्शन पाहून आला आणि त्याने पिशवीतून एक गुळगुळीत फळी काढून पाटावर ठेवली. ओळखा म्हणाला. मी म्हटलं, सागवान. आत्याबाईंनी फळी उचलली, वास घेतला, बोटाने ठोकून पाहिली आणि परत ठेवून दिली.

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे यजमान वारले, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या भावाकडे परत आल्या. पुढे माझ्या सासूबाई बाळंतपणात गेल्या आणि ते तान्हं पोर आत्याबाईंच्याच मांडीवर पडलं. मी लग्न करून घरात आले तेव्हा स्वयंपाकघर, धानाची कोठी आणि माझा नवरा, तिन्हींचा ताबा त्यांच्याकडे होता. सुरुवातीला आमचे चांगलेच खटके उडाले. मीही काही गरीब गाय नव्हे. नंतर कधी कसं जमलं ते कळलंच नाही.

हायवेच्या कडेला एक बंद पडलेली राईस मिल होती, तिची शेड भाड्याने घेतली. धान उकडायचा बॉयलर तिच्यात होताच. मशीनवाल्याने नागपूरहून येऊन सगळं बसवून दिलं आणि जाताना धंद्याची गंमत समजावली. बांबूतला बराचसा माल साली, गाठी, ढलप्या म्हणून वाया जातो. तो सगळा बॉयलरात घालायचा. पट्ट्या उकळायच्या त्यावर, वाळवायच्या त्यावर, प्रेस तापवायची त्यावर. जळण म्हणून विकत काही आणायचंच नाही. त्याचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा होता. आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या. आपल्याकडे बांबू जाळत नाहीत, हे त्या वेळी आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

खरंच जाळत नाहीत. चुकून चुलीत बांबूची कामटी गेली तर बाया चटका सोसून ती ओढून काढतात. माणूस गेला तरी तिरडीचे बांबू सरणावर जात नाहीत, सोडवून बाजूला टाकतात. बांबू जाळला तर घराचा वेल खुंटतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. ऐकलेलं म्हणजे काही मानलेलं नव्हे. मी बीएस्सी, नवरा डिप्लोमावाला. पण मला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. आणि त्याआधी दोनदा राहून दोन्हीदा गेलं होतं.

बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा त्या दिवशी नारळ फोडायला आत्याबाई शेडवर आल्या. नवरा हौसेने ढलप्यांचा भारा कवेत घेऊन बॉयलरच्या तोंडाशी उभा. त्या एवढंच म्हणाल्या, "बॉयलरात बांबू घालायचा नाही." तो समजावायला लागला, मशीनवाल्याचं सगळं गणित त्याने पुन्हा सांगितलं. त्यांनी ते ऐकूनही घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, पोरगी पोटुशी आहे. विषय संपला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही म्हणेल, काय खुळचटपणा चालवलाय. मलाही तेच म्हणायचं होतं. पण मला नेमकं काय वाटतंय तेच मला कळेना. शेवटी मी म्हटलं, तूस आणू या, गावोगावी राईस मिली आहेत, धानाच्या तुसाला काय तोटा. तेव्हापासून बॉयलर तुसावर.

ढलप्या मात्र रोज पडतच होत्या. त्या आम्ही शेडच्या मागे लोटायला लागलो. आधी तो ढिगारा होता, मग टेकाड झालं, मग त्याच्यापलीकडचा रस्ता दिसेनासा झाला. फुकट न्या म्हटलं तरी कोणी नेईना. आसपासची माणसंही आमच्यासारखीच. एका वीटभट्टीवाल्याने ट्रॅक्टर भरून नेला आणि दुसऱ्याच दिवशी तसाच परत आणून ओतला, त्याच्या घरातून हुकूम आला होता. ढाबेवाल्याने तर ढलपी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "वयनी, मले दोन लेकरं आहेत." मी चिडले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, सगळा जिल्हा येडा आहे. तो म्हणाला, आणि आपण? यावर मी भांडी घासायला घेतली.

अशातच पहिली ऑर्डर आली. नागझिऱ्याच्या जंगलाजवळ पर्यटकांसाठी एक लॉज होत होता, त्यांना जमिनीवर बसवायला बांबूच्या फळ्या हव्या होत्या. ही दिली की पुढच्या मिळणार, ही गेली की शेडला कुलूप, इतकं ते सरळ होतं. आम्ही पट्ट्या काढून थप्प्या रचल्या. उकळायची टाकी लहान, म्हणून बऱ्याच थप्प्या तशाच थांबलेल्या, आणि जागा नाही म्हणून मागच्या दाराशी, त्या ढिगाऱ्याला लागून. एक दिवस मी त्यातली पट्टी उचलली तर हातावर पीठ सांडलं. दुसरी उचलली, तिलाही टाचणीने टोचल्यासारखी भोकं. थप्पीवर हात आपटला तर पिवळं पीठ भुरभुरलं. घुण लागला होता. मी जी बोंब ठोकली ती हायवेपर्यंत गेली असेल. ज्याला त्याला झापलं, ज्याचा काही संबंध नाही त्यालाही.

घुण ढिगाऱ्यातून आला होता. औषध न लावलेल्या ढलप्यांत त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. आमच्या वेलाची काळजी करता करता त्यांचा वेल भलताच पसरला. मशीनवाल्याला फोन केला तर तो चकितच झाला. एवढे दिवस ढलप्या ठेवल्या कशाला? आजच्या आज जाळा, एक कपची ठेवू नका, नाहीतर नवा मालही जाईल. नवरा हो हो म्हणत राहिला. का नाही जाळल्या ते त्याने सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं.

मला तेव्हा सातवा महिना होता. या वेळी पोर पोटात चांगलं लाथा मारत होतं, आणि प्रत्येक लाथेला मला बरंही वाटायचं आणि भीतीही. नवऱ्याने ढिगारा शेडपासून लांब, मोकळ्या जागेत ओढून घेतला. रॉकेलचा डबा आणला. आणि मग उभा राहिला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग मला म्हणाला, तूच सांग, काय करू. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मीच काहून सांगू? पोटात माझ्या आहे म्हणून? धंदा तुझा, ढीग तुझा, निस्तर की तू. खरं तर मला तिथून पळून जायचं होतं. आपला यावर विश्वास नाही, हे मी मनात घोकत होते, आणि दोन्ही हात पोटावर घट्ट धरून ठेवले होते.

आत्याबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

"सरा तुमी दोघंबी. मी लावतो."

तो म्हणाला, आत्या, तूच तर जाळू नका म्हणत होतीस. तर म्हणाल्या, "तुमच्या हातानं नोको म्हनलं व्हतं. माह्या मांगं कोन आहे? माह्यं काय खुंटते?"

दूधवाला आला, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. "मंग मी कोन आहो?" नवऱ्याने विचारलं.

"तू माह्या भावाचा," त्या म्हणाल्या, आणि काडी काढली.

त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती. ढीग जळणार, ऑर्डर वाचणार, माझ्या पोराला काही होणार नाही. क्षणभर मला हायसं वाटलं. आणि लगेच असा संताप आला, की कोणाचा तेच कळेना. त्यांचा, नवऱ्याचा, त्या मशीनवाल्याचा, सगळ्या जगाचा. ज्या बाईने याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या तापात उशाशी बसली, माझं दोनदा गेलं तेव्हा मला उचलून बसवून भरवलं, तिला आपल्या मागे कोणी दिसत नाही आणि आम्ही दोघं ढिम्म उभे. मी पुढे गेले. त्यांचा मोकळा हात धरला आणि माझ्या पोटावर दाबला.

"आत्याबाई, हे तुमचं आहे. त्याला तुम्ही वाढवलं, त्याचं पोर तुमचंच. आता लावा."

हे मी का म्हटलं? त्यांना धीर द्यायला, की त्यांना थांबवायला? आजही विचारलं तर सांगता यायचं नाही. पोर नेमकं तेव्हाच हललं. आत्याबाईंचा हात माझ्या पोटावर तसाच राहिला. दुसऱ्या हातात काडी. त्या ढिगाऱ्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे. शेवटी काडी पेटीत परत घातली, पेटी कमरेला खोचली आणि खाली मातीतच बसल्या.

"आता मले नाही जमत, बाई," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. मी त्यांना त्याआधी कधीच रडताना पाहिलं नव्हतं. नवरा त्यांच्याजवळ जाऊन बसला. मला खाली बसणं कठीण, म्हणून मी उभीच राहिले.

थोड्या वेळाने नवऱ्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून हताशपणे विचारलं, आता हे जाळणार कोण? मला हसू फुटलं. तो बिचारा खरंच विचारत होता.

शेवटी जेसीबी बोलावून आमच्याच धानाच्या बांधीच्या कडेला खोल खड्डा काढला आणि चुना टाकून टाकून सगळा ढीग पुरला. हे आधी का सुचलं नाही, देवच जाणे. खराब पट्ट्याही त्यातच गेल्या. नवीन बांबू आणला, लॉजवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, फळ्या उशिरा दिल्या. त्यांनी घेतल्या. मुलगी झाली ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात. नर्सने गुंडाळून आणली तेव्हा मी म्हटलं, आधी त्यांच्याकडे द्या. आत्याबाईंनी हात पुढे केले, मागे घेतले, पदराला पुसले आणि मग घेतली.

आता शेड आमच्या मालकीची झाली आहे, आणि लोक लाकूडच काहून नाही घेत असं विचारत नाहीत. माझा त्या समजुतीवर विश्वास आहे की नाही, हे अजून माझं ठरलेलं नाही. बॉयलर मात्र तुसावरच चालतो आणि दरवर्षी खड्डा काढावा लागतो. मशीनवाला आला की तो खड्डा पाहून डोक्याला हात लावतो. फुकटचं जळण मातीत घालता, तुमच्यात एवढं जाळणारं कोणी नाही का, म्हणतो. मी त्याला चहा देते आणि सांगते, एक होत्या, पण आता त्यांनाही नात आहे.