शिक्क्यावरचं कुंकू

दसऱ्याला आमच्या घरी दोन वस्तूंची पूजा व्हायची. एक खापरपणजोबांची तलवार, ते बडोदे संस्थानच्या फौजेत होते. दुसरं बाबांच्या रिक्षाचं परमिट. तलवार इतकी बोथट झालेली की तिने दुधी भोपळाही चिरला नसता. घर चालत होतं ते परमिटावर. रिक्षा काय, कोणीही विकत घेऊ शकतो, पण ती भाड्याने फिरवायची सरकारी परवानगी म्हणजे परमिट. ते नसेल तर रिक्षा म्हणजे तीन चाकांवरचा पत्रा.

परमिट म्हणजे जाड कागदाची एक घडी होती. मुदत वाढवून घेतली की कचेरीत तिच्या शेवटच्या पानावर तारीख पडायची, सही आणि गोल शिक्का व्हायचा. बाबा ते पान पाटावर उघडं ठेवायचे आणि मला हाक मारायचे. मी एकुलती एक, त्यामुळे कुंकू लावायचा मान माझा. "शिक्क्यावर लाव," ते म्हणायचे, "तेच त्याचं कपाळ. आणि जरा सढळ हाताने लाव." कोरडं कुंकू गळून जातं म्हणून मी ते वाटीत पाण्याने कालवायची. ही अक्कल माझी स्वतःची. आईने तेव्हा चारचौघांत माझं कौतुक केलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वी रिक्षा पासिंगला नापास झाली. गाडी रस्त्यावर चालायला धड आहे की नाही, याची ती तपासणी. आमची खरंच धड नव्हती. बडोद्यातल्या लहरीपुरा बाजाराच्या गर्दीत तिचं सगळं अंग खिळखिळं झालं होतं. बाबांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. जुनी मोडीत काढायची आणि त्याच परमिटावर नवी घ्यायची, इतका साधा बेत. नवी हिरवी घ्यायची की पिवळी यावर ते आणि आई आठवडाभर वाद घालत होते.

मी बाजव्याला एका कंपनीत टायपिंगचं काम करते. अर्धी रजा टाकून बाबांबरोबर कचेरीत गेले. खिडकीतला कारकून तरुण होता, बोलायला मऊ. जुन्या परमिटांची नोंद आता संगणकात होते, ती एकदा झाली की नव्या गाडीचं काम पुढे, असं त्याने समजावलं. आमची नोंद व्हायची राहिली होती. त्याने घडी उघडली आणि शेवटच्या पानावर थांबला. तिथे एक मोठा तांबडा डाग होता. शिक्का, सही, तारीख, सगळं त्याच्या पोटात गेलेलं. त्याने पान उजेडात तिरपं धरून पाहिलं.

"काका, आ शुं ढोळ्युं छे?"

हे काय सांडलंय, असं तो विचारत होता. मी तोंड उघडणार एवढ्यात बाबा म्हणाले, "कंकु छे, साहेब. में लगाड्युं."

मी लावलं, म्हणाले. आणि मी तिथे उभी राहून ते ऐकून घेतलं.

तारीख वाचता येत नाही, म्हणजे मुदत वाढवल्याचा पुरावा नाही. तेव्हाची पावती आणा, तो म्हणाला. पावती कोण जपून ठेवतं? मग अर्ज द्या, जुन्या नोंदवह्यांत शोधू, किती दिवस लागतील सांगता येत नाही. उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं.

बाहेर झाडाखाली फॉर्म भरून देणारा एकजण बसतो. त्याने सोपी वाट सांगितली. परमिट हरवलं म्हणून पोलिसांचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, दुसरी प्रत मिळेल. खराब झालं म्हणालात की शंभर प्रश्न. ही घडी घरी जाऊन चुलीत घाला.

"हातात आहे त्याला हरवलं कसं म्हणू?" बाबा म्हणाले. इथेच घोडं पेंड खात होतं. तीन दिवस मी त्यांच्याशी भांडले. तत्त्वांवर रिक्षा चालत नाही, असंही म्हणाले. चौथ्या दिवशी ते उठले, खाकी शर्ट घातला, छातीवर बॅज लावला आणि म्हणाले, चल.

जाताना मी त्यांच्याकडून पाच वेळा वदवून घेतलं: लहरीपुऱ्याला, बाजारात, खिशातून पडलं. ठाण्यात हवालदाराने अर्धा अर्ज लिहिला आणि मान वर न करता कुठे हरवलं ते विचारलं, "क्यां खोवाई?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खोवाई नथी, साहेब." आणि खिशातून घडी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

हवालदार हसला नाही. त्याने लिहिलेला कागद फाडला. हे पुढे गेलं असतं तर तुम्हीच अडकला असतात काका, म्हणाला, आणि घडी त्यांना परत दिली. घराच्या दारात मी एकच वाक्य बोलले, "आता बसा पूजा करत." ते शब्द मला परत घेता आलेले नाहीत.

नोंदवह्यांतला शोध अजून चालू आहे. रिक्षा मोडीत गेली. बाबा आता सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात फाटकावर असतात. आत येणाऱ्या ट्रकवाल्यांचे कागद तपासणं हे त्यांचं काम. आई सांगते, कोणाच्या कागदावर चहाचा जरी डाग दिसला तरी ते त्याला थांबवतात आणि झेरॉक्स काढून ठेव म्हणतात.

गेल्या दसऱ्याला मला वाटलं, पाटावर नुसती तलवारच असेल. पण शेजारी परमिट होतं, शेवटचं पान उघडं. बाबांनी नेहमीसारखी हाक मारली. मी कोरडं कुंकू घेऊन बसले.

"बाबा, ते मी लावलं होतं," मी म्हणाले. "पाण्यात कालवून."

"माहीत आहे."

मी चिमूटभर कुंकू कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलं, डागापासून लांब. बाबांनी पाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

"शिक्क्यावर लाव," ते म्हणाले. "आता काय बिघडायचंय."